आजचा दिवस धरत नाहीत

आमच्या गल्लीत माझ्या वहिनीला 'सात दिवस' म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर 'ताई' म्हणतात आणि ती लांबून येताना दिसली की दाराला आतून कडी घालतात. नाव पडायचं कारण सरळ आहे. कुणाच्याही दारात उभी राहिली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "गेल्या सात दिवसांत तुम्ही निदान एक तास तरी काही काम केलंत का?" माणूस नुकताच कामावरून काढलेला असो, आजारातून उठलेला असो, नाहीतर आंघोळ अर्धी टाकून दार उघडायला आलेला असो, वहिनीला त्याचे गेले सात दिवस हवेत म्हणजे हवेत. नऊ वर्षं ती हे विचारत फिरली.

ती सरकारी रोजगार पाहणीची प्रगणक. वरून एक यंत्र घरांची यादी काढतं. त्या घरात जायचं आणि कोण कामाला आहे, कोण बेरोजगार आहे आणि कोण दोन्हींत नाही, हे लिहून आणायचं. हा तिसरा प्रकार मला वहिनी घरात येईपर्यंत ठाऊक नव्हता. मला आपलं वाटायचं, काम नसलेला तो बेरोजगार. तसं नसतं. काम नाही आणि तुम्ही ते शोधतही नाही, तर तुम्हाला बेरोजगार कुणी म्हणत नाही. तुम्ही मोजणीच्या बाहेर. मी पदवी घेऊन अकरा वर्षं घरी आहे, आणि त्यातली निदान नऊ वर्षं मी बेरोजगार या पदालाही पोचलेलो नाही, हे तिनं मला जेवताना, वाढता वाढता सांगितलं.

"भाऊजी, बेरोजगार व्हायलाही हातपाय हलवावे लागतात," ती म्हणाली. "शेवटचा अर्ज कधी केलात?"

मी पाणी प्यायलो.

तिच्या कामाचे नियम कुणी शहाण्या माणसानं बसून केलेत, आणि बहुतेक भरल्या पोटी केलेत. सात दिवसांत एक तास काम केलं की माणूस रोजगारात. दोन वर्षांपूर्वी काचेचा कारखाना बंद पडला, तेव्हा भट्टीवरचा एक माणूस अडीच महिने पायरीवर बसून होता. वहिनी गेली.

"कसलं काम आणि कसलं काय," तो म्हणाला. "कारखान्याला टाळं लागलंय, दिसत नाही का?"

"ते बरोबर. पण कुणाचं काही उचललंत, हलवलंत, दुरुस्त केलंत? त्याचे पैसे घेतलेत?"

त्यानं विचार केला. माणूस प्रामाणिक, म्हणून फसला. वरच्या मजल्यावरच्यांचं कपाट जिन्यानं उतरवायला तो लागला होता. दीड तास गेला होता आणि त्यांनी हातावर काही ठेवलं होतं. झालं. वहिनीनं त्याला रोजगारात टाकला. आतून त्याची बायको तणतणत बाहेर आली. "अहो बाई, कपाटावर महिना निघतो का आमचा?"

"तो प्रश्न अर्जात नाही," वहिनी म्हणाली.

त्याच कारखान्यात खोकी बांधणारी एक बाई होती. वहिनी गेली तेव्हा ती केस विंचरून, हातात कागदांची पिशवी घेऊन, दाराला कुलूप लावत होती. म्हणाली, "बरं झालं आलात. लिहा, मी काम शोधतेय. ही काय, आत्ता निघालेच आहे."

"आजचा दिवस धरत नाहीत," वहिनी म्हणाली. "काल संपलेले सात दिवस सांगा."

त्या सात दिवसांत बाई आजारी आईच्या उशाशी बसून होती. गेली तिसऱ्या प्रकारात. हे वहिनीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "नियम मी केलेला नाही. पण एकीला आज धरला तर उद्या दुसरीचा का नाही धरायचा?" या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटण्यासारखं. भिंतीचं काही जात नाही.

एका बाबतीत मात्र ती नियमापेक्षाही कडक होती. दारात बाई आली आणि म्हणाली, "मी काही करत नाही, घरीच असते," की बाकीचे प्रगणक 'घरकाम' या खान्यात खूण करून पुढच्या जिन्याला लागत. वहिनी हलायची नाही. तीनदा विचारायची. शिवणकाम करता? शिकवणी घेता? घरच्या दुकानात बसता? आणि तिसऱ्या वेळेला हमखास काहीतरी निघायचं. बाई रोज चार तास पिशव्यांना बंद शिवत असायची आणि त्याला काम म्हणायचं हे तिच्या गावीही नसायचं. "'काही नाही' म्हणणारीला तसंच सोडायचं नाही," हे वहिनीचं ब्रीद. तेवढं म्हणताना तिचा आवाज चढायचा.

आता तिच्या स्वतःच्या नोकरीबद्दल. ती अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक महिना खंड, म्हणजे सक्तीनं घरी, आणि मग पुन्हा बोलावणं. असं का, तर सलग बारा महिने काम केलं तर माणूस कायम होण्याचा हट्ट धरेल. दर वर्षी त्या एका महिन्यात वहिनी डबे घासायची, पडदे धुवायची आणि दर दोन तासांनी फोन उचलून बघायची. आणि दर वर्षी पंचवीस तारखेच्या आसपास फोन यायचा. यंदाचा फोन सगळ्यांत महत्त्वाचा होता. नऊ करार पुरे झाले होते. दहावा मिळाला की कायम होण्यासाठी अर्ज करता येत होता. घरात येणारा एकमेव ठरलेला पगार तिचा, हे आम्ही कुणी बोलून दाखवत नव्हतो, पण आई देखील त्या महिन्यात फोनजवळ कुणाला बसू देत नव्हती.

कारण दादाचं दुकान म्हणजे नोंदणी कचेरीच्या जिन्याखालचं एक टेबल आणि त्यावर एक झेरॉक्स मशीन. पूर्वी लोक कागदाच्या पाच पाच प्रती काढायचे. आता कचेरी सगळं फोनवरच मागते. मशीन दिवसाचा बराच वेळ गरम होण्यात घालवतं आणि दादा ते थंड होण्याची वाट बघण्यात.

खंडाच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनीच्या साहेबांचा फोन आला. या साहेबांना आम्ही घरात 'दशांश साहेब' म्हणतो. पूर्ण आकड्यात बोलणं त्यांना हलकं वाटतं. "आपल्या विभागात बेरोजगारी शून्य पूर्णांक तीननं घटली," असं ते अशा थाटात सांगतात, की जणू सकाळी उठून तेवढी स्वतःच झाडून आले. फोनवर म्हणाले, "एक नवीन मुलगी घेतलीय. तुम्ही घरच्याच. दोन दिवस येऊन तिला जरा तयार करा."

"खंडात?" दादानं विचारलं. "पगार?"

"घरच्या माणसाला पगार कसला?" मी म्हणालो. "सासरी मिळतो का?"

वहिनी दोन्ही दिवस गेली. जोडीला नवा माणूस येतोय, म्हणजे यंदा काम वाढणार, असा तिचा हिशेब. शिवाय तिनं त्या मुलीला आपली निळी वही दिली. ती वही म्हणजे नऊ वर्षांची कमाई होती. कुठल्या जिन्यावरचा दिवा जात असतो, कुठला म्हातारा सकाळी गोड बोलतो आणि दुपारी अंगावर येतो, कुठल्या घरात नवऱ्यासमोर बायको खरं सांगत नाही, म्हणून अकरानंतर जायचं. मी म्हणालो, "वही कशाला दिलीस? प्रत काढून द्यायचीस. घरचं मशीन आहे."

"दुकानात गिऱ्हाईक होतं," ती म्हणाली. तोही आठवड्यातला दुर्मीळ प्रसंग.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. दार मी उघडलं. बाहेर पंचविशीची एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, काखेत निळी वही.

"गेल्या सात दिवसांत तुम्ही निदान..." तिनं सुरू केलं आणि माझ्या खांद्यावरून तिला आत वहिनी दिसली. "मॅडम? हे तुमचं घर?"

नऊ वर्षांत आमचं घर यादीत कधी आलं नव्हतं. स्वतःच्या घराची पाहणी स्वतः करता येत नाही, त्यामुळे आलं असतं तरी वहिनीला काही करता आलं नसतं. पण यंत्राला आज आमचा पत्ता सापडला, याचा तिला इतका आनंद झाला की ओले हात तसेच घेऊन ती बाहेर आली. "ये ये. खुर्चीच्या टोकावर बस. टेकून बसलं की लोक गप्पा मारायला लागतात. सगळ्यांची उत्तरं मी देते, माझी शेवटी घे, मला चहा बघायचाय."

दादा दुकानात गेला होता. त्याचं सोपं होतं. स्वतःचा धंदा, रोजगारात. मग आई. मुलगी आईच्या पलंगाकडे बघून हळूच म्हणाली, "वय त्र्याहत्तर. काम नाही."

"खोड," वहिनी चहाच्या गाळण्यासकट स्वयंपाकघराच्या दारात आली. "विचारलंस का? हे जेवायला घरी येतात तेव्हा एक ते दोन दुकानात कोण बसतं? रविवार सोडून सहा तास झाले. घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. रोजगारात."

आई उठून बसली. "म्हणजे मी नोकरीला आहे?"

"कामाला आहात, आई."

"मग सकाळी मला लसूण सोलायला का बसवता?"

माझा नंबर आला. मी खिडकीबाहेर बघत होतो. वहिनीनं मला सोडलं नाही. शुक्रवारी दादा शाई आणायला गेला तेव्हा मी सव्वा तास दुकानात बसलो होतो. त्यात एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं आणि मी मशीनच्या झाकणावर डोकं ठेवून पडलो होतो, पण ते अर्जात विचारत नाहीत. मीही बिनपगारी मदतनीस. अकरा वर्षांत जे मला जमलं नाही ते वहिनीनं चहा गाळता गाळता केलं. एक मशीन, दिवसाला वीस-पंचवीस प्रती, आणि त्यावर तीन माणसं रोजगारात. देश असाच पुढे जातो, याबद्दल मला आता शंका राहिलेली नाही.

मग वहिनी समोर येऊन बसली. कपाळावरचे केस मागे सारले. "हं, माझं."

"गेल्या सात दिवसांत..." मुलगी हसली. "मॅडम, तुम्ही मला शिकवायला आलात ना, ते धरू?"

"आधीचा आठवडा तो. आणि पगार नव्हता, धंदाही घरचा नाही. ते काम धरत नाहीत. 'नाही' कर."

"पुढे सुरू होणारं काम ठरलेलं आहे का?"

"हो. पहिल्या तारखेपासून."

मुलीचं बोट पडद्यावर थांबलं. "कुठलं काम, मॅडम?"

"कुठलं म्हणजे? आपलं. हेच."

मुलीनं टॅब मांडीवर उपडा ठेवला. म्हणाली, "मॅडम, तुमचा भाग मला दिलाय. पूर्ण अकरा महिने. साहेब म्हणाले, तुम्हीच नको म्हणालात. गुडघे धरतात, जिने चढवत नाहीत, म्हणून तुम्हीच तयार करायला आलात मला."

वहिनीनं स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. तिला जणू ते तपासून बघायचे होते.

"तिचे गुडघे चांगले आहेत," आई पलंगावरून म्हणाली. "दुखतात ते माझे."

मला संताप आला. नऊ वर्षं जिने चढवून घेतले, दहाव्याच्या दारात आणून उभी केली, आणि तिच्याच हातून तिच्या जागेवरचं माणूस तयार करून घेतलं, तेही फुकट. दशांश साहेबांचं कौतुक करावं तेवढं थोडं. आणि ही मुलगी अशी बसली होती की तिच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. "मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "चार वर्षं घरी होते हो मी."

"माहीत आहे. तुझ्या कागदांवर वाचलं होतं मी," वहिनी म्हणाली. "टॅब सुलटा कर. ठरलेलं काम: नाही. पुढचा प्रश्न विचार."

मुलगी टॅब सुलटा करून नुसती पडदा पुसत बसली. वहिनीला सगळा अर्ज पाठ. तिनंच स्वतःला विचारलं, नेहमीच्याच सुरात. "गेल्या सात दिवसांत काम शोधलंत का?" "शोधतेय," ती म्हणाली.

"केव्हापासून?" मुलीनं विचारलं.

"आत्तापासून."

मुलीचा चेहरा उजळला. तिचं बोट 'हो'कडे गेलं. वहिनीनं तिचं मनगट धरलं.

"आजचा दिवस धरत नाहीत," ती म्हणाली. "'नाही' कर."

मला राहवेना. मी म्हणालो, "वहिनी, तू सोमवारी दुकानात बसलीस की! संध्याकाळी, दादा बँकेत गेला तेव्हा. तास झाला चांगला."

"चाळीस मिनिटं."

"तास होता. मी बघत होतो."

"भाऊजी, तुम्ही तेव्हा झोपला होतात."

आईनं मुलीला हात जोडले. "लिही गं बाई काहीतरी. नऊ वर्षं पायपीट केलीय तिनं."

"'घरकाम' लिही," वहिनी म्हणाली.

मुलगी मान खाली घालून पुटपुटली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, ते तसंच लिहायचं नाही म्हणून. तीनदा विचारायचं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, त्या दिवसात फक्त त्या एका क्षणी तिचे डोळे भरले. "विचार मग," ती म्हणाली.

"शिवणकाम करता?"

"नाही."

"शिकवणी घेता?"

"नाही."

"घरच्या दुकानात बसता?"

"चाळीस मिनिटं."

मुलीनं खूण केली. टॅबनं बेरीज करून दाखवली: घरात माणसं चार, रोजगारात तीन, बेरोजगार कुणी नाही. रोज आठ-आठ तास हिंडून घर चालवणारी बाई मोजणीच्या बाहेर, आणि झाकणावर डोकं ठेवून झोपणारा मी आत. वहिनीनं ती बेरीज नीट वाचली. "बरोबर आहे," म्हणाली. मग मुलीला सही घ्यायची आठवण केली, दारावर लावायची चिठ्ठी वाकडी लागली होती ती काढून सरळ लावली, आणि मुलगी निळी वही टेबलावर ठेवायला लागली तेव्हा परत तिच्या काखेत दिली. "ने. पुढच्या आठवड्यात तुला गिरणीमागची घरं आहेत. तिथे वहीशिवाय कुणी दार उघडणार नाही."

चहा तसाच राहिला. गार झालेला मी प्यायलो.

दुपारी दादा जेवायला आला तेव्हा सगळं कळलं. त्यानं ताट बाजूला सारलं. "चल, आत्ता जाऊन साहेबाला विचारू," तो म्हणाला. वहिनी म्हणाली, "काय विचारणार? खंडात मी तिथली नसतेच. नसलेल्या माणसाला काढलं असं कसं म्हणता येईल?" आई तेवढ्यात चपला घालत होती. एक वाजत आला होता. आता कामाला आहे म्हटल्यावर तिला उशीर चालत नव्हता.

पुढे त्या तिमाहीचे आकडे आले. आमच्या विभागातली बेरोजगारी आणखी शून्य पूर्णांक दोननं घटली होती. साहेब खोटं बोलले, असं मी म्हणणार नाही. त्यातला थोडा भाग आमच्याच घरानं दिला होता, आणि तो वहिनीनं तपासून दिला होता.

पण ते पुढचं. त्या बुधवारनंतरच्या सकाळी मी उठलो तेव्हा साडेसात वाजले होते. वहिनी दारात बूट चढवत होती. खांद्याला तीच पाहणीची पिशवी, पट्ट्याला गाठ मारलेली. आत कागद.

"कुठे?" मी विचारलं.

"काम शोधायला."

"इतक्या सकाळी? आधी साहेबांशी तरी..."

"तीन महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आपल्या घरी येणार. एकदा यादीत आलं की वर्षभर येतात," वहिनी म्हणाली. "तोवर काम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर निदान बेरोजगार तरी लिहील मला."

तिनं उभं राहून एकदा पायरीवर पाय आपटून बूट बसवला. मग माझ्याकडे वळली.

"तुम्ही येताय का, भाऊजी?"

मी पाणी प्यायलो. मग पलंगाखाली वाकून चपला शोधायला लागलो.